वेलीवरच्या साड्या

रेवताबाईच्या तोंडाले लागू नये, हे आमच्या गावात लेकरालेही माहीत आहे. पण जे लोक हे हसून हसून सांगतात ना, त्यांचा मले असा राग येते का विचारू नका. चिडकी आहे म्हणे! अरे, चिडन नाही तर काय तुमची आरती ओवाळन? ती माही जेठानी. तिच्या लहान देराची मी बायको, ममता. एकाच आंगणात आमच्या दोघींच्या चुली. तिच्या शिव्या तुम्हा समद्यांपेक्षा जास्त मी खाल्ल्या आहेत, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा हक्कही माहाच.

आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. आसगावच्या अलीकडे आमचं गाव, अन् गावाच्या खाली मोठा तलाव. उन्हाळाभर त्यात मासोळी, हिवाळ्यात शिंगाडा. लोकाले वाटते शिंगाडा आपोआप तरंगत येते. नाही येत बापा. कोंब फुटलेले शिंगाडे माघात एका लहान बोडीत टाकावे लागतात. बोडी म्हणजे लहानसं तळं, आमची मोहल्ल्याच्या मागंच आहे. त्या बोडीत वेल धरते. उन्हाळाभर तिले तिथंच जगवायचं, अन् आषाढात मोठा तलाव भरला का छातीभर पाण्यात उभं राहून एकेक वेल पायाच्या आंगठ्यानं चिखलात दाबायची. बोडीतली वेल उन्हाळ्यात मेली तर आषाढात लावाले काही नाही. अन् मंग त्या हिवाळ्यात आमच्या एकाही बाईच्या टोपल्यात शिंगाडा नाही. इतकी सरळ गोष्ट.

ही वेल राखायचं काम रेवताबाईचं. सासूनं मरताना तिच्या हाती देल्लं, माह्या नाही. मले तेव्हा वाईट वाटलं होतं, आता नाही वाटत. रोज सकाळी ती बोडीत उतरते, पानं उलटून उलटून किडे वेचते, गोगलगायी काढून फेकते, अन् तोंडानं चालूच. किड्याले शिव्या, गोगलगायीले शिव्या, आमच्या मासोळी सोसायटीच्या अध्यक्षाले शिव्या. तिच्या आंगठ्यांची नखं चिखलानं काळीठिक्कर झाली आहेत, पण त्या आंगठ्यानं दाबलेली वेल कधी वर तरंगून नाही आली. एकदा पवनीच्या बाजारात एक व्यापारी शिंगाडे मोजताना तराजूले बोट लावून राहिला होता. बाईनं त्याचं बोट धरलं अन् म्हणे, "हे बी वजनात आहे का? मंग तोडून ठेव टोपल्यात." अख्खा बाजार हसला. मुरारीभाऊजी, म्हणजे तिचा नवरा, दोन हप्ते त्या व्यापाऱ्याले तोंड चुकवत फिरले. ती नाही फिरली.

आता मागच्या वर्षीपासून सांगतो. मागच्या वैशाखात ऊन असं तापलं का दुपारी बोडीत पाय टाकवत नव्हता. पाणी आटत गेलं, जे उरलं ते तापत गेलं, अन् अर्धी वेल शिजून गेली. बाई कोणाशी बोलेना. तिचं न बोलणं तिच्या शिव्यांपेक्षा वाईट. हिवाळ्यात आमच्या टोपल्या अर्ध्याच भरल्या. तेव्हाच तिनं ठरवलं, का पुढच्या उन्हाळ्यात वेलीवर सावली करायची.

सावली कायची करणार? हिरवी जाळी आणाले पैसा लागते. मंग बाई म्हणे, साड्या बांधू. बोडीत बांबू रोवू, दोऱ्या ताणू, अन् वरून जुन्या साड्या. मोहल्ल्यातल्या बायांनी दिल्या, पण आमच्या घरी जुनी साडी म्हणजे गोधडी नाही तर लेकराची झोळी, फालतूची कुठून येणार? अर्धीही बोडी झाकली नाही. तेव्हा रेवताबाई गोदावरीबाईच्या घरी गेली.

गोदावरीबाई म्हणजे गावातली मोठी धानवाली. तिच्या धानाच्या बांध्यांमध्ये आमच्या बाया रोवणा करतात. कंबर मोडेपर्यंत वाकून धान लावायचं, अन् रोवणा संपला का मजुरी तर मिळते, वरून गोदावरीबाई प्रत्येकीले आपली एकेक उतरलेली साडी देते. तिच्या सासूपासूनची रीत आहे. आम्ही घेतो. नेसतो बी. खोटं कायले बोलू?

तर गोदावरीबाईनं मोठा गठ्ठा दिला. नाही म्हणलं नाही, हेही खरंच सांगतो. तिच्या गठ्ठ्यानं अख्खी बोडी झाकली गेली. लाल, पिवळ्या, जांभळ्या, फुलाफुलाच्या साड्या पाण्यावर ताणलेल्या. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत.

अन् वेल काय सुंदर झाली हो! त्याच्या आधी, उघड्या उन्हात, पानं लहान होती, जाड, चामड्यासारखी, अन् काठाले लालसर. बाईले तो लाल रंग आवडे नाही. रोग आहे म्हणे. साड्यांच्या सावलीत नवी पानं आली ती मोठी, मऊ, काळीशार हिरवी, लाल रंगाचं नाव नाही. बाई मले हात धरून नेऊन दाखवे. "पाय ममता, लाली गेली. निरोगी झाली माही पोरगी." वेलीले ती पोरगीच म्हणते.

मंग नवतपा लागला. ते नऊ दिवस म्हणजे जमीन भाजून निघते. त्यातल्याच एका दुपारी गोदावरीबाई आपल्या नागपूरच्या पाहुण्या घेऊन बोडीवर आली. छत्र्या घेऊन. पाहुण्यांनी फोटो काढले. आम्ही पाच-सहा जणी पारीवरच्या, म्हणजे बोडीच्या बांधावरच्या, चिंचेखाली जाळं विणत बसलो होतो. रेवताबाई बोडीत होती, कमरेइतक्या पाण्यात. एक पाहुणी म्हणे, "अय्या, ही तर तुमची ती हळदीची साडी ना?" अन् गोदावरीबाई हसली, अन् आमच्याकडे न पाहता म्हणाली, "आमचं उतरलेलं यांच्या बायका नेसतातच. आता यांच्या वेलीबी नेसून राहिल्या."

पाहुण्या खो खो हसल्या.

माह्या आंगाची लाही लाही झाली. पण मी बसून राहिली. आम्ही समद्या बसून राहिलो. कारण माह्या आंगावर तिचीच साडी होती. गिरजाबाईच्या आंगावरही तिचीच. काय बोलणार? तोंड उघडायच्या आधी पदर दिसते.

रेवताबाई मात्र पाण्यातून वर आली नाही. तिथूनच तिनं पहिली दोरी ओढली. मंग दुसरी. साड्या पाण्यात पडल्या, चिखलात लोळल्या. मी ओरडली, "बाई, काय करून राहिल्या?" तिले कुठं ऐकू येणार! सगळ्या साड्या तिनं सोडल्या, आमच्याही अन् गोदावरीबाईच्याही, भर दुपारी. ओला चिखलाचा तो गठ्ठा डोक्यावर घेतला अन् रस्त्यानं निघाली. मागं आम्ही समद्या. गोदावरीबाईच्या सारवलेल्या आंगणात जाऊन तिनं तो आपटला.

"हे घे. तुही सावली तुले. आमची वेल उघडी राहीन, पण तुह्या तोंडची भीक नाही नेसणार."

जन्मात पहिल्यांदा तिनं गोदावरीबाईले तू म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या, अन् आजही मले त्याची लाज नाही. त्या दिवशी घरी येताना आमच्या माना ताठ होत्या. सोसायटीचा अध्यक्ष लिलाधर, जो एरवी रेवताबाईचं नाव काढलं का तोंड फिरवते, तोही म्हणे, "भल्ली केली वहिनी."

दोन दिवसांत पानं पांढरी पडली.

पिवळी नाही, पांढरी. उकळलेल्या भाजीवाणी रंग गेला. मंग काठानं करपली, मंग मधात भोकं. पाण्यावर जिकडं तिकडं मेलेलं पान. बाई बोडीच्या पारीवर बसून पाहत होती. मी तिले जेवाले बोलवाले गेली तर म्हणे, "ममता, एवढं ऊन तर ती चैतातही खात होती. तेव्हा नाही मेली. आताच काहून मेली?"

अन् मोहल्ला! काय सांगू तुमाले. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या तेच हात आता कपाळाले. "बाईच्या रागानं आमचा हिवाळा खाल्ला," लिलाधर चावडीवर सांगत फिरे. गिरजाबाई म्हणे, "एवढं काय झोंबलं होतं? बोलली तर बोलली." वा गं वा! दोन दिवस आधी सगळ्यात जोरात तूच ओरडत होती ना? मी तोंडावर बोलली तिले. मंग दोन दिवस ती माह्याशी बोलली नाही, अन् माहं काही अडलं नाही. कोणी म्हणे नवतप्याच्या उन्हानं मेली. कोणी म्हणे गोदावरीबाईचा तळतळाट लागला. तळतळाट! तळतळाट लागत असता ना, तर आमचा लागला असता कधीचा.

माही पोरगी दामिनी पवनीले कालेजात शिकते. सुटीत घरी होती. तिनं बोडीतली दोन-चार झाडं उपटून आणली, पानं उलटी-पालटी केली, मधला कोंब नखानं सोलून पाहिला. मंग मोठीमायजवळ, म्हणजे रेवताबाईजवळ, जाऊन बसली. मी चुलीपाशी होती, समदं ऐकलं.

"मोठीमाय, ऊन जास्त झालं म्हणून नाही मेली. एकदम झालं म्हणून मेली."

"म्हणजे?"

"पान उजेड खाऊन जगते ना. सावलीत वाढलेल्या पानाची भूक लहान. थोडक्या उजेडात भागावं म्हणून ते मोठं होते, पातळ होते, जेवढा मिळन तेवढा उजेड धरून ठेवाले पाहते. त्याच्यावर भर दुपारचं ऊन एकदम टाकलं, तर पचन का? जे पचत नाही ते आतल्या आतच पानाले जाळते. त्यात पाणी तापलेलं. पान रोजच थोडं जळते अन् रोज स्वतःले दुरुस्त करते, पण तापलेल्या पाण्यात ती दुरुस्तीही होत नाही. उपाशी माणसाले भरल्या ताटावर बसवलं तर काय होते, तसं झालं."

बाईनं एक करपलेलं पान हातात घेऊन उलटलं. मंग म्हणे, "अन् ते पहिलेचं लाल पान? ते तर उन्हातच होतं."

दामिनी जराशी अडखळली. "ती लाली रोग नव्हता, मोठीमाय. ते त्याचं स्वतःचं छत्तर होतं. जास्तीचं ऊन अडवाले त्यानंच केलेलं."

"अन् मी म्हणत होती निरोगी झाली," बाई म्हणाली. "तिचं छत्तर मीच काढलं. वरून साड्यांचं बी मीच काढलं. वा रे रेवता!" अन् तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, एवढ्या जोरानं का दामिनीनं हात धरला. माह्या डोळ्यात पाणी आलं अन् मले त्याचाही रागच आला.

दामिनी म्हणे, मधला कोंब जिता आहे. त्याच्यातून नवी पानं येतील. पण आता लगेच सावली पाहिजे, दाट. अन् पानं आली का ती सावली हळूहळू कमी करायची. रोज सांजेले थोडीशी. एकदम नाही. तेव्हाच ती पानं आषाढात उघड्या तलावात जगतील.

सावली पाहिजे म्हणजे साड्या पाहिजे. अन् साड्या पडल्या होत्या गोदावरीबाईच्या आंगणात.

खरोखर तशाच पडल्या होत्या. गोदावरीबाईनं त्याले हात लावू देल्ला नव्हता कोणाले. गडी उचलाले गेला तर त्याले रागावली. "ज्यानं टाकलं त्यानंच उचलावं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याले ऐकवे. गठ्ठा उन्हात वाळून कडक झाला, वास मारत होता, पण तिले तो तिथंच पाहिजे होता. अन् रेवताबाईनं मोहल्ल्यासमोर सांगतलं होतं, का त्या आंगणात पाय ठेवन तर ढिवराची नाही.

मी म्हटलं, "बाई, मी जातो उचलाले." ती मले एकच म्हणे, "तू टाकल्या होत्या का?" बस. घरातल्या गोधड्या काढ म्हटलं, तर म्हणे पातळ पाहिजे, गोधडीखाली अंधार होईन. रात्रभर तिच्या चुलीपाशी भांडी आपटल्याचा आवाज येत होता. भाजी कसलीच शिजत नव्हती.

सकाळी ती निघाली. मी मागं. लोकाले काय, तमाशा पाहिजे, अर्धं गाव आंगणाभोवती. लिलाधर पुढच्याच रांगेत. गोदावरीबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती, जसं काही तिले माहीतच नव्हतं.

रेवताबाई वाकली अन् पहिली साडी झटकली. गोदावरीबाई म्हणे, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुहा गेला वाटते. चुकली म्हण, मंग उचल."

बाई सरळ उभी झाली. "चुकली," ती म्हणाली. "वेलीशी चुकली मी. भर दुपारी तिच्या डोक्यावरचं काढलं. तुमच्याशी नाही चुकली. तुम्हाले जे बोलली ते आजही बोलतो, पाहिजे तर आताच बोलून दाखवतो."

गोदावरीबाईचा हात सुपावरच थांबला. तिले वाटलं असन रेवता रडन. मंग म्हणे, "ने. पण वापरून झाल्या का एकेक धुऊन आणून देशील. फुकटच्या नाहीत."

"देईन," बाई म्हणाली. "एकेकच देईन."

तेव्हा मले त्याचा अर्थ नाही समजला.

साड्या पुन्हा बांधल्या. या वेळी मोहल्ल्यातली एकही बाई दोरी धराले नाही आली. आली असती तर मीच हाकलली असती. बाई, मी, दामिनी अन् मुरारीभाऊजी, चौघांनी बांधल्या. आधी दुहेरी. आठ-दहा दिवसांत मधल्या कोंबातून बारीक पानं वर आली. समदी नाही, काही वेली गेल्याच. पण जेवढ्या आल्या तेवढ्या जित्या होत्या. मंग दामिनी म्हणे, आता काढाले सुरुवात करा, कडेकडेनं, सांजेले, ऊन उतरल्यावर.

त्या सांजेले बाईनं एक साडी सोडली. धुतली. वाळवली. दुसऱ्या दिवशी घडी करून गोदावरीबाईच्या ओसरीवर नेऊन ठेवली अन् सगळ्या आळीले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाली, "गोदावरीबाई, ही घ्या. आमच्या वेलीनं नेसून उतरवलेली."

अन् परत आली.

दुसऱ्या दिवशी दुसरी. "आमच्या वेलीनं उतरवलेली. ठेवा." तिसऱ्या दिवशी तिसरी. राग तोच, शब्द तेच, पण बाई आता घाई करत नव्हती. वेलीले जेवढं ऊन झेपन तेवढंच रोज, अन् गोदावरीबाईले रोज तेवढंच. आळीतल्या बाया सांजेले दारात येऊन उभ्या राहू लागल्या. गोदावरीबाईनं एक दिवस दार लावून घेतलं. बाईनं दारावर थाप मारली अन् दाराले सांगतलं. एक दिवस गोदावरीबाईनं पोराहाती निरोप धाडला का राहू दे साड्या, नको मले. बाई म्हणे, "एकेक आणून दे म्हटलं होतं ना? मी दिलेला शब्द पाळतो." मिरगाचे ढग येऊन गेले, पुन्हा ऊन पडलं, अन् पानाच्या काठाले बारीक लाली आली. बाईनं मले दाखवली. नुसतं बोट ठेवलं.

शेवटची साडी ती घेऊन गेली तेव्हा मी संगं होती. गोदावरीबाई ओसरीवर उभीच होती. दमलेली दिसत होती. "झालं ना रेवता? संपल्या?"

बाईनं ती साडी ठेवली. मंग काखेतून अजून एक काढली, निळी, काठ झिजलेली, स्वच्छ धुतलेली, अन् वर ठेवली.

गोदावरीबाई वाकून पाहू लागली. "ही त्या गठ्ठ्यातली नाही. ही तर मी तुले रोवण्याची दिली होती."

"हो. वेलीची नाही, ही माह्या आंगावरची," बाई म्हणाली. "ही बी उतरवली. यंदा रोवण्याले येईन, मजुरी घेईन. साडी नको."

"एवढा राग, रेवता?"

"एवढा."

आम्ही दोघी घरी आलो. आंगणात माह्या दोरीवर दोन साड्या वाळत होत्या, दोन्ही त्याच घरच्या. मी त्या पाहत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सांजेले मी त्या घडी करून घेतल्या अन् निघाली. कोपऱ्यावर वळून पाहिलं, तर मागून गिरजाबाई येत होती, तिच्याही काखेत एक होती.